सेल वाढवणारे साडू

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून किती वाजले ते न पाहता "ह्यातला सेल कधी घातलाय?" असं विचारणारा माणूस उभ्या जगात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. नारायणगावापासून आत गेलेल्या रस्त्याला त्यांची द्राक्षाची बाग आहे, टोमॅटो आहे, दोन म्हशी आहेत. अंगापिंडानं माणूस असा, की बघणाऱ्याला वाटावं, हा खताची पोती आणि पाण्याची पाळी यांपलीकडे कशाचा विचार करत नसेल. मी मंचरला साड्यांचं दुकान घातलं तेव्हा उद्घाटनाला सगळे नातेवाईक आले. कुणी रंगाचं कौतुक केलं, कुणी आरशांचं, कुणी नुसत्याच पेढ्यांचं. साडू आले, त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढून भिंतीवरचं नवंकोरं घड्याळ उतरवलं, मागचा सेल काढून तळहातावर झेलून बघितला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पावणं, घड्याळ चांगलंय, पन तुमाला सेल जुना दिलाय. दिवाळीपातूर काढंल. त्याच्या म्होरं आपली हमी न्हाई." दिवाळीच्या ऐन गर्दीत ते घड्याळ बंद पडलं. माझी बायको तेव्हापासून त्यांना मानते आणि मी तेव्हापासून त्यांच्यावर थोडा डूख धरून आहे.

त्यांच्या घरात सेल कधी फेकला जात नाही. तिथे सेलांना नोकरी आहे, बदली आहे आणि निवृत्तीसुद्धा आहे. नवा सेल आधी बॅटरीत जातो, कारण रात्री बागेत पाणी बघायला जायचं तर उजेड दमदार हवा. बॅटरीचा उजेड पिवळा पडू लागला की सेलाची बदली घड्याळात होते, आणि घड्याळ मागं पडू लागलं की टीव्हीच्या रिमोटमध्ये. "रिमोटला काय, हलकं काम. दिसभर नुसतं पडून ऱ्हायचं," असं ते मोठ्या मायेनं सांगतात. रिमोटमध्येही दम निघेना झाला, तर त्याला उन्हात ठेवायचं. उन्हाळ्यात अक्कांच्या गच्चीवर एका अंगाला कुरडया आणि दुसऱ्या अंगाला ओळीनं मांडलेले सेल, हा देखावा आमच्या नात्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एकदा अक्कांच्या विहीणबाई आल्या होत्या. त्यांनी बिचकत विचारलं, "हे काय वाळत घातलंय?" अक्का कुरडई उलटत शांतपणे म्हणाल्या, "ते आमच्यातलं न्हाई. ते ह्यांचं हाय."

दुसरं वेड म्हणजे अशुभ बोलायचं नाही. तसं आपल्याकडे कुणीच बोलत नाही. मंगळसूत्र तुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. पण बाकीचे लोक कुठेतरी थांबतात, साडू थांबत नाहीत. त्यांच्या घरात कपबशी वाढते, चपलेचा अंगठा वाढतो, पाण्याच्या मोटारीचं वायंडिंग वाढतं, आणि सेल तर कधीच संपत नाही, तोही वाढतोच. एकदा हुरडा खाताना त्यांची दाढ तुटली. मी त्यांना मंचरच्या दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. "काय होतंय काका?" असं त्यांनी विचारल्यावर साडूंनी सांगितलं, "दाढ वाढलीया." डॉक्टरांनी दिवा लावला, तोंडात आरसा घातला आणि बिचारे कितीतरी वेळ आतल्या कोपऱ्यात अक्कलदाढ शोधत राहिले. "या वयात सहसा येत नाही हो," असं ते मला म्हणू लागले. "ती न्हाई डॉक्टर, तिच्या शेजारची. वाढलेली काय दिसंना व्हय तुमाला?" शेवटी मीच मध्ये पडून 'तुटली' हा शब्द उच्चारला. तेव्हा साडूंनी तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती दाढ जणू मीच तोडली होती.

पण हे सगळे सेल एकीकडे आणि एक सेल एकीकडे. हा सेल त्यांच्या टीव्हीखालच्या कपाटात, एका कॅसेटच्या पोटात आहे. कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे, व्हिडिओ गेमची. पंज्याएवढी, जाड प्लॅस्टिकची, यंत्रात वरून खुपसायची. साडूंची एकुलती एक मुलगी मयुरी शाळेत होती तेव्हा तिच्या जहाजावर नोकरी करणाऱ्या मामानं कुठल्याशा बंदरातून तिला ते यंत्र आणि दोन कॅसेटी आणून दिल्या. एकीत मोटारींची शर्यत होती, दुसरीत शेती. दोन्ही खेळ जपानी भाषेत. मोटारी मयुरीला आवडल्या नाहीत. शेतीवर मात्र ती जी बसली, ती उठेचना. एक टोपीवाला पोरगा, एक झोपडी, एक गाय आणि समोर रिकामं वावर. नांगरायचं, बी टाकायचं, पाणी घालायचं, काढायचं, विकायचं. साडूंनी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि पोट धरून हसले. "आरं, दिसभर हेच करून आलोय मी, आन ही पोरगी खेळ म्हनून करती!" आठवडा गेला नसेल, तर बागेतून आल्यावर हातपाय धुवून ते तिच्या मागे खुर्ची टाकून बसायला लागले. "दोन सऱ्यांत अंतर ठिव. पानी मुळाला घाल, पानावर नगं." खेळातल्या गावचा एक म्हातारा अधूनमधून येऊन जपानीत काहीतरी लांबलचक बोलायचा. त्याचा अर्थ मयुरीला कळायचा नाही. साडूंना लगेच कळायचा. "काय न्हाई, ग्रामसभेला या म्हनतोय."

मग मयुरी मोठी झाली. कॉलेजला पुण्याला गेली, नोकरीला बंगळूरला गेली, तिथेच तिचं लग्न जमलं आणि तिथलीच झाली. कॉलेजला जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं शेवटचा खेळ खेळला होता. त्या खेळाचा असा नियम आहे, की टोपीवाल्या पोराला झोपडीत नेऊन खाटेवर झोपवायचं, म्हणजे जे काही केलं असेल ते सगळं जपून राहतं, सेव्ह होतं. नुसतं बंद केलं तर दिवसभराचं काम वाया. मयुरीनं पोराला झोपवलं, कॅसेट कपाटात ठेवली आणि ती गेली. वावरात मुळे लावलेले होते, अगदी काढणीला आलेले. ते तसेच उभे राहिले.

हे वावर जपून कोण ठेवतं, याचा शोध साडूंना कितीतरी उशिरा लागला. नारायणगावच्या एका मोबाइलवाल्यानं सहज सांगितलं, की या कॅसेटींच्या आत रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. त्याच्यात जीव आहे तोवर खेळ जसाच्या तसा, तो गेला की पाटी कोरी. साडूंनी त्याला परत विचारलं, "म्हंजे माझ्या पोरीचं वावर एका सेलावर हाय?" माझा असा तर्क आहे, की जगातल्या बाकीच्या सेलांची काळजी त्यांना तेव्हापासून लागली. असला सेल किती टिकतो, हे त्यांनी भेटेल त्याला विचारलं. मोबाइलवाला म्हणाला, दहा वर्षं. जुन्नरचा घड्याळजी म्हणाला, पंधराही काढेल. पुण्यातला एक इंजिनिअर भाचा म्हणाला, की ते आतल्या चिपवर असतं, हवेवर असतं, काही वीस वर्षं जातात, काही आधीच बसतात. साडूंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नशिबावर हाय म्हन की सरळ." त्याच भाच्यानं त्यांना समजावलं, की मामा, हाच गेम मोबाइलवर फुकट मिळतो, दोन मिनिटांत टाकून देतो. "गेम मिळंल रं," साडू म्हणाले. "त्यात मयुरीनं लावलेलं मुळं हायेत का?"

उष्णतेनं सेल लवकर उतरतो, असं कळल्यावर ते एकदा कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरकडे गेले. द्राक्षांच्या हंगामात त्यांचं तिथे जाणं-येणं असतं. "जागा हाय का जरा?" "किती क्रेट?" "क्रेट न्हाई. एक कॅसेट." मॅनेजरला वाटलं, भजनाची असेल. तिथे काही जमलं नाही, मग टीव्हीखालच्या कपाटातच तिला सगळ्यांत थंड कोपरा मिळाला आणि अक्कांची लोणच्याची बरणी बाहेर आली. शिवाय यंत्र चालू असलं की वरची वीज मिळते आणि कॅसेटच्या सेलाला काम उरत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी जेवण झाल्यावर ते यंत्र लावून समोर बसायचे. खेळायचे नाहीत. टोपीवाला पोरगा खाटेवरून उठून झोपडीच्या दारात उभा राहायचा, समोर मुळे उभे, गाय उभी आणि साडू खुर्चीत. "सेलाला तेवढीच सुट्टी," असं म्हणायचे. चालू असताना वीज गेली तर खेळ बिघडतो म्हणून त्यांनी घरात इन्व्हर्टर घेतला. त्याच्यावर अक्कांना मिक्सर लावायची परवानगी नाही. अक्का येईल त्या पाहुण्याला सांगतात, "माझ्या चटनीला लाइट न्हाई, आन त्या गायीला इन्व्हर्टर!" एकदा मी म्हटलं, अहो, तेवढे मुळे काढून टाका, नवं काही लावा, तुम्हालाही विरंगुळा. ते मला दुखावल्यासारखे वाटले. "पोरीनं लावलंय, पावणं. तीच काढंल."

आणि ती गोष्टच काही होत नव्हती. मयुरी वर्षातून एकदा यायची, ती दोन दिवसांसाठी. त्यात एक दिवस देवाला, एक दिवस नातेवाइकांना. फोनवर बापलेकीचं बोलणं इतकं थोडं, की मला ऐकताना अवघडायला व्हायचं. "जेवला का पप्पा? पाऊस आहे का? बरं, ठेवते." हा एवढा बोलका माणूस, पण फोनवर त्याला शब्द सापडायचे नाहीत. तुझं वावर मी अजून राखलंय, हे सांगायची त्यांना लाज वाटायची. इकडे ते मुळे आणि तिकडे ती, आणि मध्ये एक सेल, ज्याचं वय होऊन कधीच गेलेलं.

यंदा हंगाम संपता संपता ते सकाळच्या पहिल्या एसटीनं मंचरला आले. दुकानाचं शटर मी नुकतंच वर करत होतो. त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. "पावणं," ते पायरीवर बसत म्हणाले, "धाकली वाढली." माझ्या हातातलं शटर सुटता सुटता राहिलं. कोण धाकटी? त्यांची धाकटी बहीण आळेफाट्याला, माझी बायको अक्कांची धाकटी, दोघी काल तर धडधाकट होत्या. "अहो कोण धाकटी?" मी ओरडलो. "मोटारीची वो! मोटारीची कॅसेट!" तेव्हा कुठे उलगडा झाला; शेतीची कॅसेट थोरली आणि मोटारीची धाकटी, असा त्यांचा हिशेब. शर्यतीची कॅसेट त्यांनी सहज लावून पाहिली होती, तर तिच्यातले मयुरीचे होते नव्हते ते विक्रम पुसले गेले होते. दोन्ही कॅसेटी एकाच दिवशी घरात आलेल्या, खरं तर एकाच वयाच्या. आणि मयुरी पुढच्या आठवड्यात येणार होती. "तेवढा आठवडा निघाया पायजे," ते परत परत म्हणत राहिले. मी शटर पुन्हा खाली ओढलं.

नारायणगावात स्टँडच्या मागे एक रिपेअरवाला बसतो. टीव्ही, मिक्सर, मोटारीचे स्टार्टर, काहीही. शेतीची कॅसेट आणि यंत्र घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो. कॅसेटचे स्क्रू भलत्याच तोंडाचे निघाले, कुठलाच पेचकस लागेना. मग त्यानं बॉलपेनची नळी काडीवर वितळवली, गरम असताना स्क्रूवर दाबली, गार झाल्यावर फिरवली आणि कॅसेट उघडली. आत खरंच रुपयाएवढा सेल होता, पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी जखडलेला. त्यानं मीटर लावलं आणि तोंड वाकडं केलं. "लई खाली आलाय, भाऊ. आज हाय, उद्या सांगता येत नाय." "आन काढून नवा बसवला तर?" "काढल्या काढल्या आतलं समदं पुसलं जानार." साडू बाकावर बसले. मागवलेल्या चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही. ठेवावा तर आठवड्यात कधीही जाईल, बदलावा तर आत्ताच जाईल. मी कितीही साडी-कापडातला माणूस असलो, तरी एवढी अडचण मलाही समजली, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. काम जर इतकं झटपट उरकलं, की कॅसेटला कळलंच नाही, तर वावर जागच्या जागी राहील! "मानूस ऱ्हातो की दम रोखून. कॅसेट का न्हाई ऱ्हानार?" रिपेअरवाला म्हणाला, बघा बुवा, माल तुमचा. साडूंच्यानं ते बघवणार नव्हतं. ते दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटले, आणि गाड्यांच्या गोंगाटात आत ओरडून सांगितलं, "हां, सेल वाढवा! वाढवला की लगीच हाक मारा!" रिपेअरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "वाढवू?" मी एव्हाना त्या घरच्या भाषेत पुरता मुरलेला. मी म्हटलं, "वाढवा."

त्यानं एक नवा सेल घेतला, सेल ठेवायच्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसवला, वाटीला दोन तारा लावल्या आणि त्या जुन्या सेलाच्या पट्ट्यांना कथलाचा डाग देऊन जोडल्या. मला वाटलं, ही तयारी चालली असेल. "वाढवला!" त्यानं हाक दिली. साडू डोळे मिटूनच आत आले. "झालं मोकळं समदं?" असं त्यांनी अगदी हळू विचारलं. "मोकळं कशापायी हुईल? तुमी वाढवा म्हनला, मी वाढवला. एकाचं दोन केलं." साडूंनी डोळे उघडले. जुना सेल जागच्या जागी होता आणि शेजारी नवा. "म्हंजे जुना अजून हाय?" "हाय की. काढा असं कुठं म्हनला तुमी?" साडू वाकले, तारांवरून बोट फिरवत बघत राहिले. मग अगदी बेतानं म्हणाले, "आन आता जुना काढला, तर?" रिपेअरवाल्यानं डोकं खाजवलं. "तर... नव्यावर चालंल की. काय अडत नाय." एकाएकी साडूंनी मांडीवर थाप मारली. "मांडवाचा खांब!" द्राक्षाच्या मांडवाचा जुना खांब बदलताना आधी शेजारी नवा उभा करतात, भार त्याच्यावर घेतात आणि मग जुना उपटतात, नाहीतर अख्खा मांडव खाली येतो. "मिसरूड फुटल्यापासनं खांब बदलतोय मी राव, आन हे काय डोक्यात आलं न्हाई!" जुना सेल निघाला. रिपेअरवाल्याच्या जुन्या टीव्हीला यंत्र जोडून कॅसेट लावली. पोरगा उठून दारात आला, गाय होती, मुळे होते. साडूंनी त्या रिपेअरवाल्याला मिसळ खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा अख्खा क्रेट नेऊन दिला. बिचाऱ्याला आपण नेमकं काय केलं, हे अजूनही कळलेलं नाही.

मयुरी आली, तेव्हा आम्ही नवराबायकोही तिकडेच होतो. निघायच्या दिवशी दुपारी जेवणं झाली, ती मोबाइलवर काही वाचत बसली होती. साडूंनी यंत्र जोडलं. ती जुनी टिंगटिंग ऐकून तिनं मान वर केली. "पप्पा! हे अजून आहे?" "हाय की. तूच झोपवून गेली व्हतीस त्याला. तुझीच वाट बघतोय." ती खुर्चीवरून घसरून फरशीवर बसली, बटणांचं कंट्रोल हातात घेतलं आणि तिचे अंगठे आपोआप चालायला लागले. "मुळे काढू?" "काढ. निबार झालं असतील." एकेक मुळा निघाला. मग तिनं बटाटे लावायला घेतले. एका ओळीत बटण अडकलं आणि ओळ वाकडी गेली. साडू ओरडले, "वाकडी चालली, वाकडी!" "असू दे पप्पा, माझं वावर आहे!" आणि ती खळखळून हसली. साडूही कधीतरी खुर्ची सोडून फरशीवर आले होते. खेळता खेळता ती बोलत होती, स्क्रीनवरची नजर न काढता. ऑफिसात फार ओढाताण होते, नवरा स्वभावानं चांगला आहे पण स्वयंपाकाला हात लावत नाही, कधीकधी संध्याकाळी उगाच घरची आठवण येते. इतक्या वर्षांत इतकं बोललेली मी तिला ऐकली नव्हती. मी पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो आणि एक ओळही वाचत नव्हतो. मला त्या दोघांचा हेवा वाटला, सरळ सांगतो. मग दारात जीप वाजली. अक्का ओरडल्या, पुण्याची गाडी चुकंल. मयुरी धडपडत उठली, खटकन बटण बंद केलं, पप्पांच्या गळ्यात पडली, "येते" म्हणाली आणि गेली.

तिला पोचवून आल्यावर चहा घेता घेता साडूंनी बटाटे बघायला यंत्र लावलं. पोरगा दारात आला. समोर मुळे उभे होते. सगळेच्या सगळे, काढणीला आलेले. मला कळायला थोडा वेळ लागला, त्यांना लागला नाही. तिनं घाईत पोराला झोपवलंच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मयुरी, गाडीतून. "पप्पा, मी तसंच बंद केलं हो! सेव्ह झालं ना?" साडूंनी स्क्रीनकडे पाहिलं. "झालं की. तू नीट बस. खिडकी लावून घे." "आणि बटाट्यांना रोज पाणी घाला हां. मी फोन करून विचारणार." "घालतो की," ते म्हणाले. "विचार तू."

फोन ठेवून त्यांनी कंट्रोल उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या एकेका अंगठ्याखाली दोन दोन बटणं दाबली जात होती. पोरगा गायीवर जाऊन आदळला, तळ्याशी अडकला, पुन्हा गायीवर आदळला. मी हसलो नाही. मोठ्या कष्टानं त्यांनी एकेक मुळा काढला. मग बटाटे. एक ओळ, दुसरी ओळ, आणि मध्येच हात थांबवून त्यांनी मागे वळून विचारलं, "पावणं, ती वाकडी कुठनं गेली व्हती?" मी म्हटलं, "तळ्याच्या अंगानं. मधूनच उजवीकडे वळली." ज्याच्या बागेतल्या सरळ ओळी बघायला बाहेरगावचे शेतकरी येतात, त्या माणसानं जीभ दातांत धरून, पुन्हा पुन्हा मला विचारून, ती ओळ तिनं नेली होती तशीच वाकडी नेली. मग पोराला झोपडीत नेलं आणि खाटेवर झोपवलं. खेळात सकाळ झाली, पोरगा दारात आला, आणि साडूंनी पहिलं पाणी त्या वाकड्या ओळीला घातलं.